जुना बल्ब हातात घ्या: हेडलाईटला नेमका कुठला बल्ब लागतो ते कसं ओळखायचं

माझी पहिली गाडी म्हणजे ओळखीतून घेतलेली जुनी अल्टो. घेतली तेव्हा तिचे हेडलाईट एवढे लख्ख होते की मी खूश. चार महिन्यांनी, जुलैत, गोव्याहून चोर्ला घाटातून बेळगावला परत येताना कणकुंबीच्या पुढे धुवांधार पावसात डावा हेडलाईट मिणमिणला आणि गेला. गाडीत प्लॅस्टिक जळाल्याचा वास. दहा मिनिटांत उजवाही पिवळट झाला. दोन्ही बाजूंना जंगल, मोबाईलला रेंज नाही, मागच्या सीटवर आई. एका मालट्रकच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून जांबोटीपर्यंत कसेबसे आलो.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वायरमनकडे गाडी नेली. त्यांनी बल्ब ओढून काढला तर होल्डरचा एक कोपरा वितळून बल्बच्या पिनेला चिकटलेला. बल्ब माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "ह्याच्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलासा काय?" वाचलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं १००/९० वॅट, म्हणजे लांबच्या उजेडाला १०० आणि जवळच्याला ९०. त्या गाडीला लागतो ६०/५५.

तेव्हापासून मी बल्ब वाचतो. गल्लीत, नातेवाइकांत कुणाचा दिवा गेला की मला बोलावतात, आणि दर वेळी तीच गोष्ट दिसते: माणूस दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगतो, दुकानदार अंदाजाने बल्ब देतो, आणि तो एक तर बसत नाही किंवा बसतो पण बसायला नको असतो. हे लिहिण्यामागचं कारण तेवढंच. ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी.

आधी खात्री करा, बल्बच गेलाय ना?

एका बाजूचा दिवा गेला आणि दुसरा चालू आहे, तर बहुधा बल्बच गेला. दोन्ही बाजूंचे एकदम गेले, तर मात्र थांबा. दोन बल्ब एकाच क्षणी उडणं फार क्वचित घडतं. तिथे फ्यूज, रिले (दिव्याचा प्रवाह जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) किंवा साधा स्विच आधी तपासायचा. फ्यूजची पेटी बॉनेटखाली नाहीतर स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असते आणि झाकणाच्या आतल्या अंगाला कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. काही गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज असतो, त्यामुळे एकच दिवा गेला तरी त्या पेटीत एकदा डोकावून घ्या.

सगळ्यात सोपी परीक्षा पैसे न घालता होते. चालू बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावा. पेटला, तर तुमचा जुना बल्ब मेला. नाही पेटला, तर दोष होल्डरमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या परतीच्या वायरीत) आहे, आणि नव्या बल्बाने काही होणार नाही.

अप्पर (लांबचा उजेड) लागतो पण डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) लागत नाही, असं होतं तेव्हा पुष्कळजण गोंधळतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत एकाच बल्बात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. एक तुटली की दुसरी चालू राहते, पण बल्ब पूर्णच बदलावा लागतो. जिथे अप्पर आणि डिपरला वेगळे बल्ब आहेत तिथे जो गेला तेवढाच बघायचा.

दिवा पेटतोय पण मंद आहे, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि इथेच लोक चुकीच्या खरेदीकडे वळतात. हॅलोजन बल्बाचा, म्हणजे तार तापून पेटणाऱ्या नेहमीच्या हेडलाईट बल्बाचा, उजेड व्होल्टेजला फार हळवा असतो. बल्बापर्यंत पोचणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं, तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. अर्थची वायर गंजली, कपलरच्या (बल्बामागे वायर जोडणाऱ्या प्लगच्या) पिना काळ्या पडल्या, की तेवढी घट सहज होते. आमच्या भागात पावसाळा चार महिने. खानापूर तालुक्यातल्या गाडीचा कपलर उघडून बघा, हिरवट बुरशीसारखा थर दिसेल. तो बारीक पॉलिश पेपरने साफ करून अर्थचा बोल्ट घट्ट केला की कित्येकदा जुनाच बल्ब नव्यासारखा दिसतो. शिवाय बाहेरची काच पिवळी पडली असेल, किंवा आतल्या रिफ्लेक्टरची, म्हणजे आरशाची, चांदी उडाली असेल, तर कुठलाही बल्ब घाला, रस्ता उजळणार नाही. काच पॉलिश होते. रिफ्लेक्टर गेला तर दिव्याचा अख्खा संच बदलावा लागतो.

नाव कुठे लिहिलेलं असतं

बल्बाला स्वतःचं नाव असतं. ते गाडीच्या नावावरून ठरत नाही, कारण एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकाराला एक दिवा असतो आणि महागड्या प्रकाराला दुसराच. मॉडेल तेच राहून दोन वर्षांनी चेहरा बदलला की बल्बही बदलू शकतो. आणि आपला भाग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा. इथे केए-२२ आणि केए-२३ च्या शेजारी एमएच-०९ आणि गोव्याच्या गाड्या उभ्या असतात, जुन्या गाड्या इकडून तिकडे विकल्या जातात, आणि मधल्या कुठल्या तरी मालकाने ठोकर बसल्यावर दुसऱ्याच कंपनीचा दिवा बसवलेला असतो. म्हणून गाडीच्या नावावर भरवसा ठेवू नका. हे तीन पुरावे बघा.

पहिला आणि सगळ्यात सहज मिळणारा पुरावा म्हणजे जुना बल्ब. त्याच्या धातूच्या तळावर बारीक अक्षरं कोरलेली किंवा छापलेली असतात: इंग्रजी एच आणि त्यापुढे एक आकडा, मग १२ व्ही, मग ६०/५५ डब्ल्यू किंवा ५५ डब्ल्यू. अक्षरं दिसत नसतील तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. काचेला हात न लावता तळ धरायचा, म्हणजे बल्ब चांगला निघाला तर परत वापरता येतो. एच-४ आणि एच-७ च्या काचेचं टोक मुळातच काळं रंगवलेलं असतं. ते बघून बल्ब जळाला असं समजू नका. तुटलेली तार किंवा आतून धुरकटलेली, चंदेरी झालेली काच ही जळाल्याची खूण.

दुसरा पुरावा खुद्द दिव्यावर. हेडलाईटच्या काचेवर किंवा मागच्या प्लॅस्टिकच्या अंगावर बल्बाचं नाव उठावदार अक्षरांत असतं. तिथेच इंग्रजी एच-सी-आर अशी अक्षरं सापडतील. एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे डिपर, आर म्हणजे अप्पर. तिन्ही एकत्र असतील तर त्या दिव्यातून दोन्ही निघतात. नुसतं एच-सी असेल तर फक्त डिपर. सुरुवातीला एच ऐवजी डी असेल तर तो दिवा झेनॉनचा, म्हणजे तारेऐवजी वायूतून पेटणारा आहे, त्यात हॅलोजन घालायचा नाही. जुना बल्ब आणि दिव्यावरचं नाव जुळत नसेल, तर दिव्यावरचं खरं माना. आधीच्या मालकाने काय घातलं त्यापेक्षा दिवा कशासाठी बनला ते महत्त्वाचं.

तिसरा पुरावा गाडीचं मॅन्युअल. मागच्या पानांत बल्बांचा तक्ता असतो. जुन्या गाडीबरोबर ते मिळत नाही, पण उत्पादकाच्या संकेतस्थळावर बऱ्याचदा असतं.

कोण कसा दिसतो

सगळ्यांत जास्त भेटेल तो एच-४. १९७१ साली आला आणि आजही आपल्या रस्त्यांवर त्याचंच राज्य आहे. अल्टो, वॅगनआर, जुनी बोलेरो, जुनी क्लासिक ३५० बुलेट, सगळीकडे तोच. ओळख सोपी: मागे तीन चपट्या पिना, चौकोनाच्या तीन बाजूंवर बसाव्यात तशा, मध्ये ४३ मिलीमीटरची गोल चकती आणि तिला तीन कान (कडेला बाहेर आलेले छोटे पत्रे), काचेत दोन तारा. नीट बघितलंत तर डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी दिसेल. तीच या बल्बाची करामत. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपर समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतो. तीन कानांपैकी एक कान इतरांपेक्षा रुंद असतो, त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने बसतो. दाबून, वाकवून उलटा बसवला तर ती वाटी उलटी होते आणि डिपरचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. मी हे एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

एच-७ ला दोनच पिना आणि एकच तार, ५५ वॅट. अप्परला एक, डिपरला एक असे वेगळे बल्ब असणाऱ्या गाड्यांत हा सापडतो. काही गाड्यांत तो एका छोट्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या कडीत अडकवून मग दिव्यात बसतो. ती कडी जुन्या बल्बाबरोबर फेकून देऊ नका, ती नव्या बल्बाच्या डब्यात येत नाही.

एच-१ लांबट, सडपातळ, मागे एकच पिन. त्याच्या अर्थची जोडणी त्याच्या धातूच्या अंगातूनच होते. हा १९६२ चा, मोटारीतला पहिला हॅलोजन. एच-३ ला पिनेऐवजी वायरीचं शेपूट असतं आणि तो बहुतेक फॉगलाईटमध्ये भेटतो.

मग एक घराणं आहे ज्याचा तळ प्लॅस्टिकचा, काटकोनात वळलेला, भोवती रबरी रिंग, आणि फिरवून लॉक होणारा. यात एच-८ म्हणजे ३५ वॅट, एच-९ म्हणजे ६५, एच-११ म्हणजे ५५ आणि एच-१६ म्हणजे १९. दिसायला भावंडं. उत्पादकांनी कान मुद्दाम वेगळे ठेवलेत, एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून, आणि आपल्याकडचे काही कारागीर कानस घेऊन तो कान घासतात आणि बसवतात. तसं करू देऊ नका. ३५ वॅटच्या जागी ६५ वॅट म्हणजे जवळजवळ दुप्पट उष्णता त्या प्लॅस्टिकच्या पोटात. याच तऱ्हेचे आणखी दोन, एचबी-३ आणि एचबी-४, अमेरिकी पद्धतीत ९००५ आणि ९००६ या आकड्यांनी ओळखले जातात. एक ६० वॅटचा, दुसरा ५१ चा, आणि तळाचा व्यासही वेगळा. एच-४ च्या डब्यावर ९००३ दिसलं तर घाबरू नका, ते त्याचंच अमेरिकी नाव.

दुचाकीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. पुष्कळ मोटरसायकलींना एचएस-१ लागतो, ३५/३५ वॅट. दिसायला एच-४ चा जुळा भाऊ. काही होल्डरमध्ये एच-४ बसतोही. पण अशा दुचाकीचं चार्जिंग तेवढा भार उचलायला बनलेलं नसतं आणि दिव्याचा रिफ्लेक्टर प्लॅस्टिकचा असतो. बॅटरी उतरते, रिफ्लेक्टर करपतो. जुन्या स्कूटर-मोटरसायकलींत याहून छोटा, तळाला दोन ठिपके असणारा एम-५ भेटतो, तोही ३५/३५. तो एचएस-१ च्या जागी बसत नाही. आणखी एक गोष्ट: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट बंद करायचं बटणच नाही, इंजिनबरोबर दिवा लागतो. बटण सापडत नाही म्हणून वायरिंग उसवू नका. दिवसभर पेटत असल्याने या गाड्यांचा बल्ब पूर्वीपेक्षा लवकर जातो, एवढंच.

जुन्या ट्रॅक्टर आणि जीपसाठी एक सूचना. त्यांच्यात एच-४ च्या आधीच्या काळातला, ४५ मिलीमीटर तळाचा, ४५/४० वॅटचा बल्ब असू शकतो. त्यालाही कान तीनच, पिनाही तीनच. दोन मिलीमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण बल्ब दिव्यात खुळखुळतो किंवा बसतच नाही. म्हणून ट्रॅक्टरचा बल्ब आणायला जाताना जुना खिशात हवाच.

तुमची गाडी नवी असेल आणि हेडलाईट मुळातच एलईडीचे असतील, तर बहुतेक वेळा त्यात बदलण्यासारखा बल्ब नसतोच. गॅरेजला न्या. झेनॉन दिवा घरी उघडू नका. तो पेटताना हजारो व्होल्टचा झटका तयार होतो.

व्होल्ट आणि वॅट, दोन्ही जुळलेच पाहिजेत

मोटारी, जीप, दुचाकी, ट्रॅक्टर, छोटा हत्ती या जवळजवळ सगळ्या १२ व्होल्टच्या. मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टच्या. एच-४ दोन्हींत मिळतो आणि आकार अगदी सारखा. २४ व्होल्टचा एच-४ साधारण ७५/७० वॅटचा असतो. तो मोटारीत लावला तर निखाऱ्यासारखा लालसर पेटतो. १२ चा ट्रकमध्ये लावला तर चमकून क्षणात उडतो. महामार्गालगतच्या दुकानांत दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात, म्हणून डब्यावरचा आकडा स्वतः वाचा.

वॅटचा हिशेब मी माझ्या होल्डरच्या किमतीत शिकलो. ५५ वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे एका बल्बाला सुमारे साडेचार अँपिअर, दोघांना नऊ. १०० वॅटच्या दोन बल्बांना हेच साडेसोळाच्या वर जातं. वायर तीच, स्विच तोच, होल्डर तोच. मग कुठे तरी वितळणारच, आणि ते घरासमोर वितळत नाही, घाटातच वितळतं, कारण तिथेच दिवा तास-दोन तास सलग पेटलेला असतो. ज्यांना खरोखर जास्त उजेड हवा असेल त्यांनी मूळ ६०/५५ चाच चांगल्या कंपनीचा बल्ब घ्यावा आणि बॅटरीपासून थेट जाड वायर टाकून रिले बसवून घ्यावा. बल्बाला पूर्ण व्होल्टेज मिळू लागलं की फरक पहिल्याच रात्री दिसतो.

निळा बल्ब आणि बाजारातला एलईडी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण समोरून येणाऱ्याचे डोळे मला महत्त्वाचे वाटतात.

निळसर पांढऱ्या हॅलोजनच्या काचेवर निळा थर असतो. तो थर उजेडाचा काही भाग खातो. डोळ्यांना पांढरं दिसतं म्हणून जास्त वाटतं, पडतो मात्र कमी. जून ते सप्टेंबर चोर्ला किंवा आंबोली घाटात जो गेला आहे त्याला माहीत आहे, धुकं आणि पावसात पांढरा उजेड समोर भिंतीसारखा उभा राहतो. साध्या हॅलोजनचा पिवळसर उजेड त्या मानाने डोळ्यांना सोसतो.

एलईडीचं दुखणं वेगळं. एच-४ च्या दिव्याचा आरसा एका बारीक तारेसाठी घडवलेला असतो, जी चारही बाजूंना उजेड फेकते आणि मिलिमीटरात ठरलेल्या जागी असते. तिथे दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपांचा बल्ब घातला की आरशाला उजेड चुकीच्या जागेवरून मिळतो. जवळचा रस्ता पांढराफटक होतो, चालकाला बरं वाटतं, लांबचं कमी दिसतं आणि डिपरची रेघ फुटून उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उसाच्या हंगामात निपाणी, संकेश्वर, चिकोडी, अथणी या भागात रात्री गाडी चालवा. समोरून असा एक एलईडीवाला आला की पुढची चार-पाच सेकंदं काहीच दिसत नाही, आणि त्याच काळोखात उसाची ट्रॉली उभी असते, मागचे दिवे उसाच्या वाढ्यांखाली झाकलेले. खानापूर-चंदगडकडे तर ट्रॉलीऐवजी गवा असतो. त्या पाच सेकंदांत काय होऊ शकतं ते इथल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कर्नाटकाचा पोलीस असो की महाराष्ट्राचा, कायदा एकच.

दुकानात काय बोलायचं

जुना बल्ब कागदात गुंडाळून न्या आणि काउंटरवर ठेवा. गाडीचं नाव विचारलं तर सांगा, पण मागताना "एच फोर, बारा व्होल्ट, साठ-पंचावन्न" असंच मागा. पाटी कानडीत असो, मालक मराठी बोलो की हिंदी, हे नाव सगळीकडे सारखंच चालतं. डिपरला कुणी डिम म्हणतो, कुणी लो; एच-फोरला मात्र सगळे एच-फोरच म्हणतात. इथे नव्याने राहायला आलेल्यांना याचा मोठा आधार वाटतो.

डबा उघडून नवा आणि जुना शेजारी धरा. पिनांची संख्या, कानांची जागा, चकतीचा आकार, तळावरचा मजकूर. डब्यावर नव्हे, बल्बावर नाव, व्होल्ट आणि वॅट छापलेले असले पाहिजेत. चांगल्या बल्बावर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी एक आकडा असतो. हॅलोजन बल्बांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३७ नुसार मान्यता मिळाल्याची ती खूण. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी. बल्ब तिथेच बनला असा त्याचा अर्थ नाही. नुसता चकचकीत डबा आणि बल्बावर काहीच नाही, असा माल मी परत करतो.

जोडी घ्या. एक गेला म्हणजे दुसराही तेवढाच जुना. दोन्ही नवे लावले की उजेडाचा रंगही सारखा राहतो. शंभर टक्के, दीडशे टक्के जास्त उजेड असं लिहिलेले बल्ब मिळतात. वॅट तेवढेच ठेवून तार जास्त तापवलेली असते, म्हणून त्यांचं आयुष्य कमी. रोज रात्री प्रवास करणाऱ्याला साधाच परवडतो.

मागचे बल्ब घेतानाही हीच पद्धत. ब्रेक आणि टेललाईटचा एकत्र बल्ब २१/५ वॅटचा, तळाला दोन ठिपके आणि अंगावरच्या दोन खुंट्या खाली-वर. इंडिकेटरचा पांढरा बल्ब २१ वॅटचा, एक ठिपका, खुंट्या समोरासमोर. नारिंगी काचेचा असेल तर खुंट्या थोड्या सरकलेल्या, म्हणून तो पांढऱ्याच्या जागी जात नाही.

बसवताना

दिवा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. हॅलोजन पेटलेला असताना त्याची काच हात भाजून काढेल एवढी तापते, आणि आतला वायू दाबाखाली असतो. चष्मा घालून काम केलेलं बरं. किल्ली काढून ठेवा.

कपलर सरळ मागे ओढा, वायरीला धरून नको. पावसाळ्यानंतर तो अडकून बसतो. डावीकडे-उजवीकडे हळू हलवत काढा. मग रबरी टोपी, मग तारेची क्लिप. क्लिप कशी अडकली आहे आणि बल्बाचा रुंद कान कुठल्या बाजूला आहे याचा फोटो काढून ठेवा. हात आत गेला की काही दिसत नाही, तेव्हा तो फोटोच कामाला येतो. काही गाड्यांत डाव्या बाजूला बॅटरी आड येते, काहींत चाकावरचं आवरण किंवा अख्खा दिवा उतरवावा लागतो. तशी गाडी असेल तर पहिल्यांदा मिस्त्रींकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

नव्या बल्बाच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढ्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. तळाला धरा, लागलंच बोट तर स्पिरिट लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. बल्ब जागेवर आपोआप बसला पाहिजे. जोर लावावा लागतोय म्हणजे एक तर तो उलटा आहे किंवा चुकीचा आहे. क्लिप, मग रबरी टोपी कडेकडेने पूर्ण दाबून, मग कपलर. रबरी टोपी नीट बसली नाही तर पहिल्याच पावसात दिव्यात पाणी आणि बाष्प धरतं, आणि मागच्या वर्षी माझ्या भावाच्या गाडीचा रिफ्लेक्टर असाच काळवंडला. टोपी फाटली असेल तर वेगळी मिळते, ती घ्या.

शेवटी भिंत

बल्ब बदलल्यावर संध्याकाळी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा नेहमीची. बल्बाच्या मध्यापर्यंतची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूने रेघ मारा. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे. म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर उतार. कडेचा डावा भाग थोडा वर चढतो, तो बिघाड नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या कडेचा रस्ता, सायकलवाला, पायी चालणारा दिसावा यासाठी दिवा तसा घडवलेला असतो. चढ उजवीकडे दिसला तर बल्ब चुकीचा बसलाय किंवा दिवा परदेशी बनावटीचा आहे. दिव्याच्या काचेवर डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बाणाची खूण असते. समोर उभं राहून बघितलं तर तो बाण आपल्या उजव्या हाताकडे दाखवतो.

एका बाजूची कड वर आणि दुसरीची खाली असेल, तर आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. दहापैकी आठ वेळा क्लिप अर्धवट लागलेली असते. तरीही नाही जुळलं तर दिव्यामागच्या स्क्रूने फोकस लावायचा, तो मिस्त्रींकडून दहा मिनिटांत होतो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर मोजताना ते ० वर ठेवा. मागे चार माणसं आणि डिकीत बाजार भरला की गाडीचं नाक वर उचललं जातं; तेव्हा ते चाक २ किंवा ३ वर न्यायचं. हे चाक गाडीत आहे हेच कित्येकांना माहीत नसतं. आमच्या शेजारच्या काकांनी आठ वर्षांनी ते पहिल्यांदा फिरवलं.

जोडी बदलल्यावर जो एक जुना बल्ब अजून चालू होता तो टाकू नका. नव्याच्या डब्यात, काचेला हात न लावता, ठेवून डिकीत टाका. माझ्या गाडीत तो टॉर्च आणि जुन्या टॉवेलबरोबर एका डब्यात असतो, आणि मे महिना संपायच्या आत मी एकदा कपलर उघडून, पिना पुसून, भिंतीवर रेघ बघून घेतो. गेल्या जूनमध्ये कणकुंबीला रस्त्याकडेला एक कुटुंब एका डोळ्याच्या गाडीत पाऊस थांबायची वाट बघत उभं होतं. वॅगनआर होती. एच-४. माझ्या डब्यातला बल्ब त्यांना बसला.